मैदानातल्या रॉक कॉन्सर्टला नक्की उभं कुठे राहायचं?

रिफवेडी
मोठे बँड आता मुंबईत नियमित यायला लागलेत. डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू, जानेवारी २०२५ मध्ये तिथेच कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम, त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस. तिकीट काढायला बसलं की तो रंगीत नकाशा समोर येतो: अगदी पुढचा उभ्याचा कप्पा, त्यामागचा उभ्याचा कप्पा, खालचे स्टँड, वरचे स्टँड. किमतीत दुप्पट-तिप्पट फरक.

ज्याला गाणी पाठ आहेत, सोलो कुठे सुरू होतो आणि ड्रमर कुठे थांबतो हे तोंडपाठ आहे, त्याने पैसे कुठे घालावेत? बँड जवळून दिसणं महत्त्वाचं की आवाज नीट ऐकू येणं? दोन्ही एकाच जागी मिळतं का? आणि उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल तर काय? ध्वनिव्यवस्थेची माहिती असलेल्यांनी जरूर सविस्तर लिहा.

डबलबास
बॅरिकेड. पहिली रांग. दुसरं उत्तर नाही.

खर्ज
डबलबास, दिसण्यासाठी मान्य, ऐकण्यासाठी नाही. पहिल्या रांगेत मुख्य स्पीकर तुमच्यासाठी वाजतच नसतात. स्टेजच्या दोन्ही अंगांना उंचावर स्पीकरच्या डब्यांची जी माळ टांगलेली असते (लाइन अ‍ॅरे), तिचा प्रत्येक डबा ठराविक कोनात वळवलेला असतो. वरचे डबे लांबच्या प्रेक्षकांसाठी, खालचे जवळच्यांसाठी. अगदी स्टेजला चिकटून मध्यभागी उभं राहिलं की सगळा मारा डोक्यावरून आणि बाजूने निघून जातो. ती पोकळी भरायला स्टेजच्या कडेवर छोटे स्पीकर ठेवतात, त्यांना फ्रंट फिल म्हणतात. गायकाचा आवाज तुम्हाला तिथून मिळतो.

पूर्वी पुढच्या रांगेला गिटारचा आवाज वाढवणारे अ‍ॅम्प थेट ऐकू यायचे, त्यातच मोठी मजा होती. आता कित्येक बँड स्टेजवर अ‍ॅम्प ठेवतच नाहीत. गिटारचा आवाज प्रोसेसरमधून थेट, सगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्या मिक्सरला जातो आणि वादक स्वतःला कानातल्या मॉनिटरवर ऐकतात. मग पहिल्या रांगेत ड्रमचा खरा आवाज, फ्रंट फिल आणि पायाखालचे सब (सबवूफर, फक्त खर्जाचे मोठे स्पीकर) एवढंच उरतं. जमिनीवरचे सब स्टेजसमोर रांगेने मांडलेले असतील तर खर्ज इतका जवळून येतो की बास गिटारची सुरावट कळेनाशी होते, नुसता धक्का जाणवतो.

सगळ्यात नीट आवाज कुठे? जिथे बसून माणूस तो आवाज तयार करतोय तिथे. मुख्य मिक्सरचा मंच (आम्ही एफओएच म्हणतो) मोठ्या मैदानात स्टेजपासून साधारण ३० ते ५० मीटरवर असतो. त्याच्या पुढे चार-पाच मीटर उभं राहा. इंजिनिअर जे ऐकतोय तेच तुम्ही ऐकाल. लगेच मागे मात्र उभं राहू नका. त्या मंचावर छप्पर असतं, लाइटवाल्यांचं आणि कॅमेऱ्याचं सामान असतं, त्या सगळ्याच्या आडोशात झांजांचा आणि शब्दांचा आवाज अडतो. बास मात्र वळसा घालून येतो, म्हणून तिथे सगळं गढूळ लागतं.

तिरकी तान
खर्ज यांच्याशी नव्वद टक्के सहमत. एक दुरुस्ती. सब जर डावी-उजवीकडे दोन ढिगांत असतील, तर मंचाच्या बरोबर समोरची मध्यरेषा टाळा. विहिरीत दोन दगड एकदम टाकले की लाटा काही ठिकाणी मिळतात आणि काही ठिकाणी एकमेकींना मारतात, तसंच इथे होतं. ५० हर्ट्‌झच्या सुराची लाट जवळपास ७ मीटर लांब. मध्यरेषेवर दोन्ही ढीग सारख्याच अंतरावर, म्हणून बास दुणावतो. बाजूला सरकत गेलात आणि एका ढिगाचं अंतर दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटरने जास्त झालं, की तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. आणखी पुढे गेलं की परत येतो.

व्यवहारात काय करायचं? सपोर्ट बँड (मुख्य बँडच्या आधी वाजणारा) वाजत असताना मध्यरेषेवरून हळूहळू एका बाजूला चालत जा. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एके ठिकाणी अंगावर येतो, चार पावलांवर पोकळ होतो, पुन्हा भरतो. जिथे किक आणि बास गिटार वेगवेगळे ऐकू येतात तिथे थांबा. मुख्य बँडच्या वेळी गर्दी दाटलेली असते, तेव्हा हे शोधता येत नाही.

खर्ज
बरोबर. हल्ली सब स्टेजसमोर कमानीत मांडून किंवा वर टांगून हा खड्डा बराच कमी करतात, पण सगळीकडे नाही. आत शिरल्यावर आधी सबची मांडणी बघायची.

रिफवेडी
वा, अशीच माहिती हवी होती. मग स्टँडचं काय? बसून, सावलीत, समोर सगळं दिसतंय...

जुईनगरची
डी. वाय. पाटीलपुरतं सांगते. छप्पर पुढे झेपावलेलं आहे, मध्ये खांब नाहीत, त्यामुळे नजरेआड काहीच येत नाही. प्रश्न आवाजाचा आहे. स्टेज मैदानाच्या एका टोकाला असतं. समोरच्या टोकाच्या स्टँडपर्यंत साधारण १५० मीटर अंतर धरा. ३० अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, म्हणजे ड्रमरची काठी पडताना दिसल्यावर जवळपास ०.४ सेकंदाने ठोका ऐकू येतो. मध्यम लयीच्या गाण्यात हे पाऊण मात्रेहून जास्त अंतर आहे. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं की पुढचे आणि मागचे एकमेकांत का मिसळत नाहीत, त्याचं कारण हेच.

खालच्या स्टँडचा, स्टेजच्या तोंडापासून मैदानाच्या तिसऱ्या हिश्श्यावरचा तिरका ब्लॉक घ्या. वरच्या स्टँडच्या शेवटच्या चार-पाच रांगा नको. छप्पर जवळ असल्याने परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि शब्द पुसले जातात. स्टेजच्या अगदी बगलेतला ब्लॉकही नको. वादक जवळ दिसतात, पण पडदा तिरका दिसतो आणि तुमच्या वाट्याला फक्त बाजूला वळवलेले स्पीकर येतात.

मंद्रसप्तक
पडद्याचा विषय निघाला म्हणून. यू-टूच्या त्या दौऱ्याचा पडदा सुमारे २०० फूट रुंद आणि ४५ फूट उंच होता. त्याच्या पायाशी उभं राहून चित्र दिसतच नाही, ठिपके दिसतात. एवढा पडदा पूर्ण नजरेत यायला किमान ४० मीटर मागे यावं लागतं. उलट तीच मंडळी सुरुवातीची गाणी पुढे आलेल्या झाडाच्या आकाराच्या छोट्या मंचावर, पडदा न वापरता वाजवायची. तिथे जवळ असणाऱ्याला सोनं. म्हणून 'कुठे उभं राहायचं' हे बँडवरही ठरतं. कोल्डप्लेचा रॅम्प प्रेक्षकांत घुसतो आणि स्टेजपासून दूर, मागे आणखी एक छोटा मंच असतो. तिथे मागच्या कप्प्यातला माणूस काही गाणी पहिल्या रांगेत असतो. तिकीट घेण्याआधी त्या दौऱ्याचा स्टेजचा आराखडा बघा. दौरा सुरू झालेला असला की फोटो मिळतातच.

डबलबास
आवाजाचं सगळं पटलं तरी माझं मत कायम आहे. अल्बमचा स्वच्छ आवाज घरी मिळतो. गिटारिस्टची बोटं, तो ड्रमरकडे बघून इशारा करतो तो क्षण, शेवटच्या ठोक्याआधी चौघांचे एकदम वळलेले चेहरे, हे पडद्यावर दिग्दर्शक दाखवेल तेव्हाच दिसतं. बॅरिकेडवरून ते कायम दिसतं. ज्याला गाणं पाठ आहे त्याला हेच बघायचं असतं.

पण तयारी लागते. दारं उघडायच्या कितीतरी आधी रांग. आत शिरल्यावर धावू नका, सुरक्षारक्षक मागे पाठवतात. मधोमध जागा गेली असेल तर तिथे घुसाघुशी करण्यापेक्षा लीड गिटारिस्टच्या बाजूचं बॅरिकेड पकडा. तो कोणत्या बाजूला उभा राहतो ते जुन्या फोटोंत बघून ठेवा, वर्षानुवर्षं बदलत नाही. एकदा बॅरिकेड पकडलं की पाच-सहा तास शौचालय विसरायचं, म्हणून दुपारपासून पाणी घोट घोट, एकदम बाटलीभर नाही. थोडं मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस आत जाण्याआधी. चहा-कॉफी बंद.

सांजसावली
उंची कमी असणाऱ्यांसाठी: उभ्याचे दोन कप्पे असतील तर मागच्या कप्प्याचं पहिलं बॅरिकेड. किंमत कमी आणि समोर सुरक्षारक्षकांच्या चालण्याची मोकळी गल्ली असते, त्यामुळे लगेच पुढे कोणाचं डोकं येत नाही. पुढच्या कप्प्याच्या चौथ्या रांगेपेक्षा इथून जास्त दिसतं. दुसरी जागा म्हणजे मिक्सरच्या मंचाचं कुंपण. त्याला पाठ टेकता येते, मागून धक्का येत नाही. स्टेज साधारण दोन मीटर उंच असतं, त्यामुळे अगदी पुढे ड्रमर दिसत नाही, थोडं मागे आलं की दिसायला लागतो.

रिफवेडी
सांजसावली, मनापासून आभार. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कानसेन
इतके प्रतिसाद झाले आणि कानांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून कळकळीने लिहितोय.

कामाच्या ठिकाणचा सुरक्षिततेचा नेहमीचा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जे मानक दिलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. रॉक कॉन्सर्ट सहज त्या आसपास असतो आणि दोन तास चालतो. पुढच्या रांगेत त्याहून जास्त. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

साधे फोमचे बोळे औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते नुसते कानात खुपसले तर काही उपयोग नाही. स्वच्छ, कोरड्या बोटांनी बोळा वळून शक्य तितका बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाची नळी सरळ होते. बोळा आत सरकवून बोटाने वीस-तीस सेकंद तसाच धरायचा, तो फुगेपर्यंत. समोरून बघताना बोळा बाहेर आलेला दिसत असेल तर बसलेला नाही. पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलेलं असलं तरी ते प्रयोगशाळेतलं माप आहे, प्रत्यक्षात निम्म्याहून कमीच धरा.

फोममध्ये उंच सूर जास्त दबतात, म्हणून गाणं उशीखालून आल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे सिलिकॉनचे प्लग मिळतात, त्यात छोटं फिल्टर असतं. सगळे सूर साधारण सारखेच १५-२० डेसिबलने उतरतात. किंमत फोमच्या कितीतरी पट, पण वर्षानुवर्षं टिकतात. सोबत लहान मूल असेल तर त्याला बोळे नाही, कानावर बसणारे मफ घालायचे, आणि जागा स्टँडमध्ये.

डबलबास
प्लग घालून जोर जाणवतो का, हा प्रश्न येणारच. येऊ दे. बास छातीत जाणवतो, त्याला कान लागत नाहीत. उलट प्लग असले की गिटारचे थर वेगळे कळतात, कारण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच आवाज विस्कटून टाकतो. बॅरिकेडवाल्यांना तर हे सक्तीचंच हवं.

कानसेन
अगदी बरोबर. आणि कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजत राहिली तर पुढचा दिवस इअरफोन पूर्ण बंद. दोन दिवसांत कमी झाली नाही, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं, तर थांबायचं नाही, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतलेच उपचार लागू पडण्याची शक्यता जास्त असते.

टेपरेकॉर्डर
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्सने न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांसमोर वाजवलं. स्टेजवर १०० वॅटचे अ‍ॅम्प आणि गाण्यासाठी बेसबॉल सामन्यातल्या घोषणांचे भोंगे. किंकाळ्यांपुढे बँडला स्वतःचंच ऐकू येत नव्हतं. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने सगळे स्पीकर बँडच्या पाठीमागे भिंतीसारखे रचले. मग माईकमध्ये तोच आवाज घुसून शिटी येऊ नये म्हणून प्रत्येक गायकाला दोन माईक, उलट्या जोडणीचे. गायचं एकात. लांबून येणारा आवाज दोन्हीत सारखा पडतो आणि रद्द होतो, जवळून गायलेला राहतो. आणि दुसरं टोक म्हणजे डिसेंबर २०१३ मध्ये मेटॅलिकाने अंटार्क्टिकावर वाजवलं तेव्हा बाहेर स्पीकरच नव्हते, प्रेक्षकांनी हेडफोनवर ऐकलं.

तिरकी तान
फार छान. याच ओळीत डिले टॉवर. मैदानात ६०-८० मीटरवर जे मनोरे दिसतात त्यावरचे स्पीकर मुद्दाम उशिरा वाजवतात. ७० मीटरवरच्या मनोऱ्याला ०.२ सेकंद आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद. तेवढं जास्तीचं अंतर ठेवलं की आवाज मनोऱ्यातून येत असूनही कानाला तो स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. मनोऱ्याच्या पायाशी मात्र उभं राहू नका, तिथे दोन आवाज वेगवेगळे ऐकू येतात. दहा-पंधरा मीटर मागे गेलं की जुळतात.

खर्ज
आपल्या हवेचंही सांगायला हवं. मुंबईची दमट हवा उंच सुरांना कोरड्या हवेपेक्षा कमी खाते, म्हणून लांबवर झांज बरी पोचते. उन्हात तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, त्यामुळे चार वाजता वाजणाऱ्या सपोर्ट बँडचा आवाज मागे पातळ लागतो. अंधार पडल्यावर तेच स्पीकर लांबपर्यंत भरीव ऐकू येतात. वारा सुटला तर झांजांचा आवाज हेलकावे खातो, मशीन बिघडलेलं नसतं.

जुईनगरची
वेळेबद्दल. आपल्याकडे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे (२००० चे ध्वनिप्रदूषण नियम). सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. म्हणजे बँड साडेसात-आठला सुरू होणारच. परदेशातले व्हिडिओ बघून 'मुख्य बँड नऊनंतर येतो' असं धरून निघालात तर अर्धा कार्यक्रम सायन-पनवेल रस्त्यावर ऐकाल.

बेसमेंट
मुख्य बँड येणार हे ओळखायची खूण: आयर्न मेडनच्या आधी यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' स्पीकरवर मोठ्याने लागतं, मेटॅलिकाच्या आधी चित्रपट-संगीतकार मोरिकोनेचं 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड'. ते सुरू झालं की शौचालयाच्या आणि खाण्याच्या रांगेतून निघा. आणि शेवटी मैदानातले पांढरे दिवे लागले की पुन्हा कोणी येणार नाही, चालायला लागा.

रिफवेडी
फोनचं काय करता? पैसे देताना, तिकीट दाखवताना नेटवर्क जातं म्हणतात.

बेसमेंट
जातंच. एका टॉवरची क्षमता ठरलेली आणि हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ चढवतायत. तिकीट घरीच उघडून ठेवा. काही अ‍ॅपमध्ये क्यूआर दर मिनिटाला बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून लॉगिन आधीच झालेलं हवं. आत मनगटी पट्ट्यावर पैसे भरायचे असतील तर घरून भरा, आणि उरलेले परत मिळण्याची मुदत वाचून ठेवा. सोबत्यांशी भेटायची खूण आधी ठरवा: 'मिक्सरच्या मंचाचा उजवा कोपरा, शेवटच्या गाण्यानंतर'. पॉवर बँक बरेचदा दारावर काढून घेतात, यादी वाचा. छत्री नाही, पातळ रेनकोट.

व्हिडिओ घ्यायचा तर तीस सेकंद. फोनच्या पडद्यावर बोट दाबून उजेड पक्का करा आणि खाली ओढा, नाहीतर मागचा एलईडी पडदा पांढरा फटक आणि माणसं काळी येतात. सबजवळ फोनचा माईक फाटतोच, त्याला इलाज नाही.

सांजसावली
पुढे उभं राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांच्या पुढे गर्दी गेली की पाय आपले राहत नाहीत, लाट येईल तिकडे जावं लागतं. १९७९ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाच्या दारात ११ जण गेले, २००० मध्ये डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डला 'पर्ल जॅम' वाजवत असताना ९. हात छातीसमोर बॉक्सरसारखे, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेच्या विरुद्ध ढकलू नका, ती ओसरली की तिरकं बाजूला सरका. फोन पडला तर पडू द्या. मॉशमध्ये (एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात) कोणी पडलं तर आधी उचलायचं, मग पुढे. बुटांच्या नाड्यांना दोन गाठी. अस्वस्थ वाटलं तर बॅरिकेडवरच्या रक्षकाकडे दोन्ही हात वर करा, ते वरून उचलून काढतात.

डबलबास
याला माझं पूर्ण अनुमोदन. लाट सारखी यायला लागली की पहिली रांगही सोडावी, लोखंडावर छाती दाबली जाते.

रिफवेडी
सगळं वाचून माझं गणित असं बसतंय: मागच्या उभ्याच्या कप्प्याचं तिकीट, पहिलं बॅरिकेड किंवा मिक्सरच्या मंचाच्या पुढे, कानात फिल्टरवाले प्लग. पण मिक्सरचा मंच पुढच्या कप्प्यात आहे की मागच्या, हे तिकिटाच्या नकाशावरून कसं कळणार?

खर्ज
नकाशात मैदानाच्या मध्यावर छोटा करडा चौकोन असतो, तोच. तो पुढच्या कप्प्याच्या शेवटाला चिकटलेला असेल तर मागचा कप्पा मंचाच्या आडोशात सुरू होतो. तेव्हा मागच्या कप्प्यात मधोमध नको, एका बाजूला, स्पीकरची माळ पूर्ण दिसेल तिथे उभं राहा. माळेचा सगळ्यात खालचा डबा डोळ्यांना दिसला की आवाजाची वाट मोकळी आहे असं समजा. पुढचा कप्पा मोठा असेल तर त्याच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात गर्दी विरळ असते, पैसे असतील तर ती जागा मी सुचवेन.

पुणेरी पिक
पुण्याहून येणाऱ्यांनी परतीचं सांगा कोणीतरी.

जुईनगरची
नेरूळला असेल तर सायन-पनवेल महामार्गावर 'एलपी' नावाचा थांबा स्टेडियमपासून चालत आहे, पुण्याच्या गाड्या तिथून जातात. पण कार्यक्रम सुटल्यावर तिथे रस्ता तुंबतो आणि वाहतूक वळवतात, त्यामुळे बस आधी आरक्षित करून बसायची जागा फोन करून पक्की करा. मुंबईकडे जाणाऱ्यांनी हार्बरसाठी नेरूळऐवजी जुईनगर बघा, ठाण्याच्या गाड्याही तिथे मिळतात. परतीचं तिकीट दुपारी येतानाच काढायचं. रात्री खिडकीवर रांग असते आणि अ‍ॅप तेव्हा उघडत नाही. महालक्ष्मीला असेल तर पश्चिम रेल्वेचं स्टेशन जवळ, पण पूल अरुंद आहे, पहिल्या लोंढ्यात शिरू नका, वीस मिनिटं मैदानातच थांबा.

पुणेरी पिक
धन्यवाद. वाचनखूण साठवली. बस साडेअकराची घेतो.

जुईनगरची
बाराच्या पुढची घ्या. दहाला आवाज बंद झाला तरी दाराबाहेर पडायलाच पाऊण तास जातो.